दाजींसाठी जपलेली मॅच

आमच्या मालतीकाकूनं कुणाला माफ केल्याचं मला आठवत नाही. त्याचं तिला वाईट वाटल्याचंही आठवत नाही. "माफ करायला काय लागतं रे? तोंड उघडायचं, झालं. लक्षात ठेवायला कष्ट पडतात," असं ती लसूण सोलता सोलता म्हणायची, आणि समोर बसलेला माणूस आपण हिचं कधी काही वाकडं केलंय का, ते मनात तपासायला लागायचा. मी तिचा सख्खा पुतण्या. माझंही बऱ्याचदा तपासून झालं होतं. तिला जाऊन आता वर्ष होत आलं, तरी अजून मधूनमधून तपासतो.

बरं, ती भांडखोर मुळीच नव्हती. कासारवाडीच्या आमच्या चाळीत नळावर रोज सकाळी जी युद्धं व्हायची, त्यांत काकूचा आवाज कधी ऐकू आला नाही. भांडण हे तिला आळशी लोकांचं काम वाटायचं. राग आला, ओरडलं, मोकळं झालं, यात कसली मेहनत? काकूचा राग बरणीत मुरायचा, आणि वाढायची वेळ आली की ती तो पाट-पाणी मांडून, स्वच्छ ताटात वाढायची. पाहुणचार हे तिचं हत्यार होतं.

चाळीत केबल आली तेव्हाची गोष्ट. केबलवाला नेमका काकूच्या मालिकेच्या वेळी कनेक्शन घालवायचा. बाकीच्या बायका त्याला शिव्या घालायच्या. काकूनं त्याच्या आईला चहाला बोलावलं. एकदा नव्हे, रोज. मालिका ऐन रंगात यायची, पडद्यावर मुंग्या पसरायच्या, आणि केबलवाल्याची आई कपाळाला हात लावून म्हणायची, "अगं बाई! मग सासूनं तिला घरात घेतलं का न्हाई?" काकू म्हणायची, "काय माहीत. तुम्ही बिस्कीट घ्या." आठवडा उलटायच्या आत कनेक्शन जायचं थांबलं. त्याच्या घरी काय झालं ते आम्हाला कळलं नाही, पण पुढे तो चाळीत आला की आधी आमच्या दाराशी येऊन विचारायचा, "मावशी, चित्र नीट हाय ना?"

शेजारच्या शिंदेबाईंनी एकदा आमच्याकडून सिनेमाची कॅसेट नेली आणि बघून झाल्यावर तशीच, शेवटाला गेलेली, परत आणून दिली. रिवाइंड न करता. काकूनं कॅसेट ठेवून घेतली. पुढच्या आठवड्यात तिनं शिंदेबाईंचं इडलीपात्र मागून आणलं, इडल्या केल्या, अर्ध्या त्यांच्याच घरी पाठवल्या, आणि पात्र वाळलेल्या पिठासकट परत केलं. शिंदेबाई पात्र हातात धरून दारात उभ्या. "अहो, हे असं कसं दिलंत?" काकू हसून म्हणाली, "तुमची पद्धत मला आवडली. ज्याची वस्तू त्यानं बघून घ्यावं."

पण ही सगळी किरकोळ कामं. काकूचं आयुष्यभराचं काम म्हणजे दाजी.

दाजी म्हणजे माझ्या शकूआत्याचे यजमान, काकूचे नंदावे. आमच्या घराण्याचे एकुलते एक जावई. मूळचे मोशीकडचे, घरच्या जमिनी, अंगानं भरदार. ते आले की आजोबासुद्धा खाटेवरून उठून बसायचे. दाजींना दोनच गोष्टींचं वेड होतं, मानाचं आणि क्रिकेटचं. क्रिकेटमध्ये आपली माणसं हरली की दाजी चिडायचे आणि मानात जरा कमी पडलं की रुसायचे. या दोन वेडांनी मिळून त्यांचा घात केला, पण ते पुढे.

काका पिंपरीतल्या एका कंपनीत फिटर होता. त्याचा दिवाळीचा बोनस झाला तेव्हा चाळीतल्या लोकांनी फ्रिज घेतले. आमच्याकडे व्हीसीआर आला. कारण काकूला तिच्या लग्नाची कॅसेट बघायची होती. लग्न होऊन वर्ष झालं होतं, कॅसेट शालूच्या घडीत ठेवलेली, आणि बघायला यंत्र नाही. थंड पाण्यावाचून अडत नाही, असं तिनं काकाला सांगितलं.

यंत्र जोडण्यात एक रविवार गेला. फिटर माणूस सूचनांचं पुस्तक वाचत नसतो. टीव्हीचा एक पाय डुगडुगत होता, काकानं ते पुस्तक त्याखाली सारलं. मग अँटेनाची वायर टीव्हीतून काढून व्हीसीआरमध्ये, व्हीसीआरची टीव्हीत, आणि मग टीव्हीच्या पुढच्या त्या बारीक चाकाशी झटापट. मुंग्या आल्या, तिरके पट्टे आले, बिनचेहऱ्याची माणसं आली, आणि जरा काही दिसू लागलं की स्टेशनात गाडी शिरायची आणि पुन्हा सगळा धुरळा. "लोणावळा जाऊ दे, मग लाव," असा सल्ला चाळीतल्या प्रत्येकानं दिला. सगळी चाळच खोलीत होती. शेवटी काकूनं काकाला बाजूला केलं, चाक दोन बोटांत धरलं आणि उकडीच्या मोदकाची पाकळी काढावी इतक्या अलगद फिरवलं. पडद्यावर अंतरपाट आला, आणि त्यामागे ती स्वतः.

व्हीसीआरवरचं घड्याळ मात्र कुणालाच लावता आलं नाही. ते हिरवे आकडे लुकलुकत राहिले. काकूनं कपाळावरची मोठी टिकली काढली आणि त्यावर चिकटवून टाकली. "माझ्याकडं बघून कोणी डोळे मिचकावलेले मला खपत नाहीत."

दुपारभर आम्ही लग्न बघितलं. कुणाचा घास तोंडात अडकला, कुणाची बुंदी वाटीतून सांडली, सगळ्यांवर हसून झालं. कॅसेट संपत आली, आणि पडद्यावर मांडवाबाहेर उभा असलेला टेम्पो आला. टेम्पोत पुढच्या सीटवर दाजी, मान पलीकडे फिरवून. दार उघडं, आणि खाली उभे काकूचे वडील, तात्या.

तात्या राजगुरुनगरकडचे, एसटीत कंडक्टर. जन्मभर गर्दीला 'पुढं सरका' सांगून आवाज खणखणीत झालेला. पण पडद्यावर बँडच एवढा वाजत होता की त्यांचे नुसते ओठ हलताना दिसत होते. ते काहीतरी बोलले. दाजी ढिम्म. तात्या पुन्हा बोलले. मग त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढली, वाकले आणि टोपी दाजींच्या पायाशी ठेवली. व्हिडिओवाल्याच्या झगझगीत दिव्यात तात्यांचं टक्कल चमकलं.

आम्हा वऱ्हाडातल्यांना हे माहीत होतं. मानाचे फेटे बांधताना गावच्या सरपंचांचा नंबर दाजींच्या आधी लागला, म्हणून जावईबापू रुसले होते. फक्त काकूला माहीत नव्हतं. ती तेव्हा आत साडी बदलत होती. आपल्या बापाला टोपी काढताना तिनं पहिल्यांदा पाहिलं ते असं, अख्ख्या चाळीबरोबर बसून.

"अगं बाई, दाजी रुसले होते होय!" शिंदेबाई म्हणाल्या. "मग गोडाचा घास कुणी भरवला?"

खोली हसली. दोघंच हसले नाहीत. एक काकू, आणि एक दाजी. तेही त्या दिवशी तिथेच होते, अर्थात सगळ्यांत पुढे, खुर्चीवर. पुढे चाळीत त्यांना 'टेम्पोवाले दाजी' हे नावच पडलं. शकूआत्या दिसली की बायका विचारायच्या, "टेम्पोवाले आले न्हाईत का?"

त्यानंतर थोड्याच महिन्यांत तात्या गेले. काकू माहेरी गेली आणि दिवसकार्य होईपर्यंत तिथेच राहिली. त्यातल्या एका दिवशी दाजी आमच्याकडे आले. एक दिवसाची मॅच होती, त्यांच्या गावात लाइट नव्हती, आणि म्हणे एवढी मोठी मॅच रेकॉर्ड करून ठेवायला पाहिजे. आजोबांनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

आता, कॅसेटच्या कडेला प्लास्टिकचा एक बारका दात असतो. तो मोडून टाकला की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. लग्नाच्या कॅसेटचा दात व्हिडिओवाल्यानं मोडूनच दिला होता. पण त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की यंत्र फसतं. घरात कोऱ्या म्हणाव्यात अशा कॅसेट आणखी होत्या. दाजींनी नेमकी शालूच्या घडीतली काढली.

मॅचमध्ये आपली फलंदाजी अशी काही कोसळली की शेवटची विकेट पडल्यावर दाजींनी रागानं यंत्राच्या बटणावर थाप मारली आणि चहाही न घेता निघून गेले.

काकू परत आली. एक दिवस सगळे कामाला गेले असताना तात्यांना बघावं म्हणून तिनं कॅसेट लावली, तर मैदान. हिरवं मैदान आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं.

आजोबा म्हणाले, "जावई आहेत. चुकून झालं असेल." काका म्हणाला, "आपण पुन्हा काढू." काय पुन्हा काढणार होता, देव जाणे. दाजी म्हणाले, "आवो वहिनी, कॅसेटी बाजारात ढिगानं मिळत्यात." आणि काकू, जिला घरच्या जावयाला अवाक्षर बोलायची सोय नव्हती, ती मला दुसऱ्या दिवशी लसूण सोलता सोलता म्हणाली, "आपल्या घरात चिकटपट्टी होती का रे?"

नव्हती. शाळेच्या वह्यांना मी भाताची शितं लावायचो.

"मग मॅच बघायला निघालेला माणूस खिशात चिकटपट्टी कशाला घालतो?"

भाऊबीजेला दाजी आले. काकूनं त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, फराळाचं ताट पुढ्यात ठेवलं, आणि व्हीसीआर लावला. तीच मॅच. पहिली विकेट पडली तेव्हा दाजींचा हात चकलीवर थांबला. ताट संपल्याशिवाय उठता येत नाही, आणि काकू ताट संपू देत नव्हती. "अजून एक करंजी घ्या ना दाजी." एक करंजी, एक विकेट. शेवटचा फलंदाज तंबूत परतला की तिनं बटण दाबलं. "संपली. चला, हात धुवून घ्या, जेवायला वाढते."

हे पुढे दर सणाला. पाडव्याला, राखीला, आमच्या मुंजीबारशांना. दाजी दारात दिसले की काकू आधी व्हीसीआरवरचं फडकं काढायची, मग चहाचं आधण ठेवायची. एकच मॅच, तीच हार. असा सूड मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि तो सपशेल फसला. कारण दाजी होते दाजी. थोड्याच वर्षांत त्यांनी सगळ्या सोयऱ्यांत सांगायला सुरुवात केली: "आमच्या वहिनींनी आमच्यासाठी खास मॅच जपून ठेवलीया. आमी गेलो की लावत्यात. सांगा, एवढा मान हाय कुठल्या घरात?" ते ऐकलं त्या दिवशी काकूनं जो कांदा चिरला, तसा बारीक कांदा मी पुन्हा पाहिला नाही.

मला वाटलं, आता ती नाद सोडेल. कॉलेजात असताना, आम्ही वेगळं राहायला लागल्यावर, एका दुपारी मी डबा परत द्यायला तिच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. टीव्हीवर मॅच चालली होती आणि खोलीत दाजी नव्हते. मी म्हणणार होतो, काकू, तूसुद्धा क्रिकेटवेडी झालीस? तेवढ्यात शेवटची विकेट पडली. काकूनं बटण दाबलं नाही. पडदा थरथरला, आडव्या रेषा गेल्या, आणि एकदम बँड वाजायला लागला. टेम्पो. फिरवलेली मान. तात्या.

दाजींनी पुसायला घेतलं होतं खरं, पण आपली टीम लवकर गुंडाळली गेली, आणि रागाच्या थापेनं रेकॉर्डिंग तिथेच थांबलं. पुढचा तुकडा जसाच्या तसा उरला होता. सगळं लग्न गेलं आणि जे पुसायचं होतं तेवढंच राहिलं.

"बघितलंस? आता तोंडाला कुलूप," काकू म्हणाली.

"अगं, पण मग दाजींना दाखव की! दर वेळी त्याच्या आधी बंद करतेस."

"आज दाखवलं तर काय होईल? हसतील. म्हणतील, वयच तसं होतं." तिनं पदरानं पडद्यावरची धूळ पुसली, बरोबर तात्यांच्या ओठांवरून. "त्यांच्यावर कुणापुढं तरी डोकं उघडं करायची वेळ येईल. तेव्हा दाखवीन. मला त्यांच्या तोंडून 'चुकलं' एवढं ऐकायचंय. दुसरं काही नको."

मग पुष्कळ वर्षं गेली. काका गेला. चाळीच्या जागी इमारत झाली. काकू मुलाकडे चाकणला राहायला आली, सातव्या मजल्यावर, खाली ट्रकांची रांग आणि वारा फिरला की कांद्याच्या बाजाराचा वास. मीही तिकडच्याच एका कंपनीत क्वालिटीला आहे. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतो. एका रविवारी तिचा फोन आला. "शकूवन्सं दाजींना घेऊन येतायत, नातीच्या लग्नाची पत्रिका द्यायला. यंत्र चालू करून पाहिजे."

यंत्र चालू होईना. पिंपरीत एका बोळात इक्बालभाई म्हणून जुने मेकॅनिक आहेत, त्यांच्याकडे आम्ही ते नेलं. त्यांनी झाकण उघडलं आणि आत बघून, कुणी गेल्यावर म्हणतात तसं, 'इन्नालिल्लाह' म्हटलं.

"ताई, बेल्ट बघा, गुळासारखा वितळलाय. आणि कॅसेटला बुरशी. कशाला त्रास? मी साफ करून सगळं पेन ड्राइव्हवर घालून देतो. बटन दाबलं की डायरेक्ट शेवट."

"मला डायरेक्ट शेवट नको," काकू म्हणाली. "त्यांना बसवायचंय."

इक्बालभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. ती दुकानातल्या स्टुलावर संध्याकाळपर्यंत बसून राहिली; कॅसेट मांडीवर. पट्टा कुठल्याशा जुन्या टेपरेकॉर्डरचा बसला. मग नव्या टीव्हीला ते यंत्र जोडायला मध्ये एक डबी लागते, ती आणायचं काम माझ्याकडे आलं. मी पहिल्यांदा उलट्या दिशेची आणली, दुसऱ्यांदा पुन्हा उलट्याच दिशेची, फक्त वेगळ्या रंगाची. काकू म्हणाली, "क्वालिटीला आहेस ना तू?"

दाजी आले ते काठी टेकत. डोक्यावर पांढरी टोपी, कानात यंत्र. बसतात न बसतात तोच त्यांनी तोंड उघडलं. नातीच्या सासरकडचा कुणी एक नंदावा पत्रिकेत त्याचं नाव शेवटी छापलं म्हणून रुसला होता.

"काल गेलो त्याच्या दारात," दाजी म्हणाले. "हात जोडले वहिनी, ह्या वयात. त्यानं आत या म्हनून न्हाई सांगितलं. चप्पल काढायच्या जागी उभा ऱ्हायलो. काय मान्सं ही! पोरीच्या बापाचा, आज्याचा काय जीव असतो का न्हाई?"

"असतो ना," काकू म्हणाली. "शिरा घ्या."

आणि तिनं मॅच लावली. दाजींचा चेहरा उजळला. "आजून हाय का ती? बघ शके, ह्याला म्हन्त्यात मान!"

विकेट पडत गेल्या, शिरा वाढला जात होता. शेवटची पडली. मी काकूच्या हाताकडे पाहिलं. रिमोट तिनं मांडीखाली घातला होता.

रेषा. बँड. टेम्पो.

चित्र पार धुरकटलं होतं, पण टोपी काढलेली दिसली, आणि वाकलेलं डोकं दिसलं. दाजी काठीवर पुढे झुकले.

"बघा! बघा वहिनी, ह्योच तो प्रकार! बिचारा म्हातारा टोपी काढतुया, आन् हा मुर्दाड मान बी वळवंना! असल्याला खाली उतरवून..." त्यांनी डोळे बारीक केले. "कोन हाय ह्यो?"

"तुमी हाय," शकूआत्या म्हणाली.

काकूनं मांडीखालून रिमोट काढला आणि चित्र थांबवलं. जुन्या यंत्रात थांबवलेलं चित्र थांबत नाही, जागच्या जागी थरथरतं. तात्या वाकलेले थरथरत होते. खाली कुठेतरी ट्रकचा हॉर्न वाजत होता.

"चहा टाकू ना दाजी?"

"लई जुनं झालं वहिनी ते," दाजी म्हणाले.

"हो ना. म्हणून तर जपलं. परत बघायचंय? मागं घेते." आणि तिनं घेतलं.

दाजी उठले. चौकात ट्रक आडवा झाला होता, गाडी यायला वेळ होता, तरी ते लिफ्टनं खाली जाऊन गेटपाशी धुळीत उभे राहिले. पत्रिका द्यायची राहिलीच. ती शकूआत्यानं दिली, अक्षता लावून. देताना तिनं काकूचा हात जरा जास्त वेळ धरला.

"झालं ना समाधान?" मी नंतर विचारलं.

"'चुकलं' म्हणाले का?"

"नाही."

"मग?" असं म्हणून तिनं शिऱ्याची कढई घासायला घेतली.

लग्न राजगुरुनगरच्या रस्त्यावरच्या एका मोठ्या लॉनवर होतं. काकूला मी माझ्या गाडीतून नेलं. आजकाल बायकाही फेटे बांधतात. दारातच एक फेटेवाला उभा होता आणि आल्या-आल्या बायका हसत-खिदळत त्याच्यापुढे डोकी करत होत्या. काकू गाडीतून उतरली, त्याच्यापासून दोन हात लांब उभी राहिली आणि चार-पाच बायकांचे फेटे होऊ दिले. मग परत फिरली, गाडीत पुढच्या सीटवर येऊन बसली आणि दार लावून घेतलं.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"माझ्या आधी बाकीच्यांना बांधले," काकू म्हणाली, आणि मान पलीकडे फिरवली. "एसी चालू ठेव. वेळ लागेल."

मला कळायला जरा वेळ लागला. मग मी एसी वाढवला.

बातमी आत गेली. नातेवाईक बायका येऊन काचेवर टकटक करून गेल्या. काकू ढिम्म. मुहूर्त जवळ आला, तशी शकूआत्यानं आतून सांगून पाठवलं, वहिनी मांडवात आल्याशिवाय मी अक्षता हातात घेणार नाही. नवऱ्या मुलीची आजीच अडून बसली म्हटल्यावर आत पळापळ झाली. डोक्यावर घोंघावत एक ड्रोन आला.

"तो वरचा नको," मान न वळवता काकू म्हणाली. "त्याला तोंडं दिसत नाहीत. खालचा, दिव्यावाला बोलाव."

मी बोलावला. एवढं एक काम मला पहिल्याच प्रयत्नात जमलं.

दाजी आले. भरजरी फेटा, एका हातात काठी. मागून दिव्यावाला. मी उतरून काकूच्या बाजूचं दार उघडलं आणि बाजूला झालो.

"वहिनी, चला की आत. समदी खोळंबल्यात."

काकू पलीकडे बघत होती. तोच कोन. सांगतो ना, तिनं त्या मानेचा अभ्यास केला होता.

दाजी काहीतरी पुटपुटले. लॉनवर डीजे एवढा वाजत होता की नुसते ओठ हलले.

"ऐकू येत नाही दाजी," काकू म्हणाली. "तेव्हाही आलं नव्हतं."

दाजींनी एकदा मांडवाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. काठी माझ्या हातात दिली. दोन्ही हातांनी डोक्यावरचा फेटा उचलला, गुडघा धरून वाकले आणि तो काकूच्या पायाशी ठेवला.

"माझं चुकलं," ते ओरडले. "तात्यांचं... माझं चुकलं!"

काकूनं मान वळवली. ती काही बोलणार, इतक्यात दिव्यावाला पुढे आला. "आजोबा, सॉरी हां, फोकस गेला होता. फेटा परत घाला ना डोक्यावर. एकदाच पुन्हा. भारी मोमेंट आहे."

काकूनं दाजींकडे पाहिलं. अगदी मायेनं पाहिलं.

"करा दाजी," ती म्हणाली. "मुलगा सांगतोय तर."

दाजींनी पुन्हा केलं.

मग काकू उतरली. खाली वाकून तिनं फेटा उचलला, धूळ झटकली, आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "माझा बांधायचा राहिला होता," असं दिव्यावाल्याला सांगून ती मांडवाकडे निघाली.

दाजींची काठी त्यांना देऊन मी गाडी लावायला मागे वळवली, तेव्हा आरशात ती मला दिसली. एवढीशी बाई आणि तो केवढा फेटा. कानांवरून खाली घसरत होता आणि ती एका हातानं तो वर ढकलत, घाई न करता चालली होती. तिच्या मागून दाजी, आणि दाजींच्या मागून तो दिवा. उघडं डोकं त्यात लखलखत होतं.